बझर बंद करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे
(वार्षिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मला सांगितलं गेलं, "तुम्ही बोटीविषयी बोला, पंधरा मिनिटं." मी बोलणारा माणूस नव्हे. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये २७ वर्षं पाना हातात धरला आणि निवृत्त झाल्यावर या कामाला आलो. म्हणून जे मला कळतं तेच बोलतो. तुम्ही पाठवलेल्या पैशांवर जी मोटर चालते, तिच्याविषयी बोलतो. त्यात माझी एक चूक आहे. ती अहवालात दोन ओळींत आली होती. आज ती पूर्ण सांगतो.

आधी जागा समजून घ्या. आपल्यातले पुष्कळ जण तिथे आलेले नाहीत. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुडा आणि त्याच्या पायथ्याशी नर्मदा. सरदार सरोवराचं धरण आहे गुजरातेत, केवडियाला; पण त्याचं पाणी आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत शिरलं आहे. महाराष्ट्रातली ३३ गावं त्या बुडितात आली. २०१९च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत, म्हणजे काठोकाठ भरलं. शेतं गेली, पायवाटा गेल्या. वर डोंगरावर जे पाडे राहिले, त्यांतले कित्येक असे आहेत की समोर पाणी आणि मागे चढ. आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून डोंगर चढायचा, नाहीतर होडीत घालून पाण्यावरून न्यायचं. तिसरा रस्ता नाही. शासनाचा तरंगता दवाखाना आणि बोट ॲम्ब्युलन्स त्या पाण्यात फिरतात. आपली होडी त्यांच्या जोडीला आहे.

होडी साधी आहे. मागे लावलेली मोटर ४० हॉर्सपॉवरची, टू-स्ट्रोक, आणि जुनी. आपल्याकडे आली तेव्हाच ती कुणाच्या तरी हाताखालून गेलेली होती. सरकारी माणसं आणि कोळी बांधव हिला 'ओबीएम' म्हणतात. मी आलो तेव्हा हिच्याकडे बसच्या इंजिनासारखंच पाहिलं. तिथेच चुकलो.

बसला रेडिएटर असतो. तिचं पाणी तिच्याजवळ असतं. या मोटरीला रेडिएटर नाही. ती ज्या पाण्यावर चालते तेच पाणी पिते. पाण्यात बुडलेल्या खालच्या भागाला जाळीच्या फटी असतात. आत रबराच्या पात्यांचं एक छोटं चक्र फिरतं, त्याला इंपेलर म्हणतात. ते पाणी वर ढकलतं, पाणी सिलिंडरभोवती फिरून गरमी घेतं आणि धुरासोबत बाहेर जातं. त्यातलीच एक बारीक धार मोटरीच्या मागच्या बाजूने सतत पडत राहते. धार पडते आहे म्हणजे पंप चालतो आहे, ही खूण. आणि डोक्यावर, म्हणजे सिलिंडरच्या हेडवर, बोटाच्या पेराएवढा एक स्विच बसवलेला असतो. हेड प्रमाणाबाहेर तापलं की तो स्विच आतून जुळतो आणि सुकाणूजवळचा बझर वाजतो. इतकी साधी रचना आहे.

त्या उन्हाळ्यात आमचा बझर वाजायला लागला. होडी भरलेली असली आणि पूर्ण वेग दिला, की दहा-पंधरा मिनिटांनी एकसारखा टूंऽऽ सुरू. वेग कमी केला की दोन-तीन मिनिटांनी गप्प. मी मागे वळून बघायचो, धार पडतेच आहे. हात लावून बघितलं, पाणी कोमट. मग मी काय ठरवलं? ठरवलं की स्विच जुना झाला आहे, उगीच ओरडतो. बसमध्ये असे कितीतरी दिवे खोटे लागलेले मी पाहिले होते. लोकही कंटाळले होते. लहान मुलं त्या आवाजाला घाबरायची. एके दिवशी मी कव्हर उघडलं, स्विचची वायर काढली, तिला चिकटपट्टी गुंडाळली आणि आत खोचून ठेवली. होडी शांत झाली. सगळे म्हणाले, "दादांनी दुरुस्त केलं." मीही मान डोलावली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मे महिन्यातल्या एका दुपारी वरच्या पाड्यातून निरोप आला. पहिलटकरीण होती. कळा आदल्या रात्रीपासून सुरू होत्या आणि पुढे सरकत नव्हतं. आम्ही तिला होडीत घेतलं. सोबत तिची सासू, नवरा आणि आशाताई. मी पूर्ण वेग दिला. कोण देणार नाही? वीसेक मिनिटं मोटर नीट चालली. मग आवाज जड झाला, रंग जळल्यासारखा वास आला आणि मोटर एकदम थांबली. दोरी ओढली, हलेना. पिस्टन सिलिंडरमध्ये धरला होता.

पाण्याच्या मधोमध मोटर बंद पडल्यावर जी शांतता होते, ती तुम्हाला सांगता येणार नाही. फक्त ती मुलगी कण्हत होती. आमच्याकडे वल्ही दोन. नवरा एक मारत होता, मी एक. भरलेली होडी जागची हलेना. तेवढ्यात सासूने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "दादा, ते रोज ओरडायचं, आज का नाही ओरडलं?"

रागाने नाही विचारलं. खरंच विचारलं. त्या बाईने आधी दोनदा आमच्या होडीतून प्रवास केला होता, तिने तो आवाज ऐकला होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण तोंडातून निघालं नाही.

मासे धरणाऱ्या दोन पावरा भावांनी आम्हाला लांबून पाहिलं. ते त्यांच्या लहान होड्या घेऊन आले, दोर बांधले आणि चौघा-पाच जणांनी मिळून वल्हवत आम्हाला काठाला लावलं. अडीच तास गेले. तिथून जीप मिळाली. बाळ रात्री दवाखान्यात जन्मलं, मुलगी झाली. आईला रक्त द्यावं लागलं. दोघी वाचल्या. देवाची दया, त्या भावांचे हात आणि आशाताईंचा धीर. त्यात माझं काही नव्हतं.

मोटर मात्र गेली. सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा लागला. सुटे भाग यायला दोन महिने लागले आणि त्यांतला एक महिना पावसाचा होता. त्या दिवसांत जे कुणी झोळीतून डोंगर चढले, त्यांचा हिशेब माझ्या नावावर आहे.

मोटर उघडल्यावर कारण समोर आलं. इंपेलरची दोन पाती तुटलेली होती. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं, काठाचा गाळ उघडा पडतो, आणि गाळमिश्रित पाणी ओढून ओढून रबर झिजतं. तुटलेले रबराचे तुकडे पाण्याबरोबर वर गेले होते आणि थर्मोस्टॅटजवळच्या अरुंद वाटेत अडकले होते. मग धार कशी पडत होती? कारण आमच्या मोटरीत धारेची नळी त्या अरुंद वाटेच्या अलीकडूनच निघते. पंप थोडंफार पाणी वर आणत होता, ते धारेतून दिसत होतं. पण हेडपर्यंत पुरेसं पोचत नव्हतं. हळू चालताना तेवढं पाणी भागायचं. भार घेऊन पूर्ण वेगात भागत नव्हतं. बझर नेमकं हेच सांगत होता, तेही रोज. त्याचा प्रत्येक शब्द खरा होता.

आता मी आणि पाड्यांवरची तीन तरुण मुलं मिळून होडी चालवतो. ही मुलं माझ्यापेक्षा पाणी चांगलं ओळखतात. बुडालेल्या झाडांचे शेंडे कुठे आहेत हे त्यांना पाठ आहे. त्यांच्यासाठी आम्ही एक पुठ्ठा प्लास्टिकमध्ये घालून सुकाणूजवळ टांगला आहे. त्यावर जे लिहिलं आहे ते थोडक्यात सांगतो. आपल्यातल्या वसईच्या आणि कोकणातल्या ज्या बांधवांच्या घरी होडी असेल, त्यांनाही उपयोगी पडेल.

पहिलं, बझर वाजला की वेग लगेच कमी करायचा आणि न्यूट्रलला आणायचं. भोवती बघायचं, होडी कुठे आदळणार नाही ना. घाबरून तोच वेग ठेवून काठ गाठायचा प्रयत्न करायचा नाही. त्या दोन मिनिटांतच पिस्टन धरतो.

दुसरं, आवाज कसा आहे ते ऐकायचं. आमच्या मोटरीत सलग आवाज म्हणजे गरमी आणि थांबून थांबून पीप-पीप म्हणजे ऑइल. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी असते, म्हणून आपल्या मोटरीचं पुस्तक एकदा नीट वाचून घ्यायचं आणि ते कार्डावर लिहायचं.

तिसरं, सलग आवाज असेल तर धार बघायची. धार नसेल तर मोटर ताबडतोब बंद. किल स्विचची दोरी काढायची, मोटर वर उचलायची आणि खालच्या जाळीत काय अडकलं आहे ते बघायचं. बहुतेक वेळा प्लास्टिकची पिशवी किंवा शेवाळ असतं. जाळी साफ असूनही धार नसेल, तर धारेच्या भोकात मासेमारीची तंगूस किंवा बारीक तार हलकेच घालायची. कधी चिखलाने तेवढं भोकच बुजलेलं असतं. तापलेल्या मोटरीवर गार पाणी ओतायचं नाही. तिला आपोआप निवू द्यायचं.

चौथं, धार आहे आणि तरी बझर वाजतो, म्हणजे माझ्यासारखं. तेव्हा कव्हर उघडून हेडवर पाण्याचे चार थेंब टाकायचे, हात फिरत्या भागांपासून लांब ठेवून. थेंब चर्रकन उडाले तर मोटर खरंच तापली आहे, बंद करायची. मग काठावर येऊन इंपेलर आणि थर्मोस्टॅट काढून बघायचे. थर्मोस्टॅट पातेल्यात गरम पाण्यात टाकला की पाणी उकळायच्या बराच आधी तो उघडायला हवा. उघडला नाही तर बदलायचा. इंपेलरचं पातं तुटलेलं निघालं, तर नवा बसवून काम संपत नाही. तुटलेला प्रत्येक तुकडा सापडेपर्यंत शोधायचा. नाही सापडला तर तो वर कुठेतरी बसला आहे.

पाचवं, हेड गार आहे आणि तरी बझर वाजतो, तेव्हाच स्विचवर किंवा वायरवर संशय घ्यायचा. स्विचची वायर काढून बघायची. वायर काढल्यावरही वाजत राहिला तर दोष वायरमध्ये आहे. ती कुठेतरी घासून इंजिनाला टेकते आहे. वायर काढल्यावर थांबला, तर गार मोटरीत स्विचला मल्टिमीटर लावायचा. गार असतानाच जुळलेला दाखवत असेल तर स्विच गेला. तो बदलायचा आणि वायर परत लावायची. परत लावायची, हे आम्ही पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहिलं आहे.

सहावं, पीप-पीप वाजलं तर ऑइलची टाकी बघायची. भरलेली असूनही वाजत असेल, तर टाकीत पावसाचं पाणी शिरलं आहे का, जाळी चिकटली आहे का, ते बघायचं. पंपावर भरवसा नसेल तर घरी परतण्यापुरतं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, २० लिटरला ४०० मिलिलिटर, म्हणजे पन्नासास एक. ऑइल टू-स्ट्रोक बोटीच्या मोटरीचंच. बसचं नाही. हे मी स्वतःलाच सांगतो.

आणि सगळ्यात आधीचं, जे रोज सकाळी करायचं. चावी फिरवायची, मोटर सुरू न करता. आमच्या मोटरीत बझर एकदा 'पीप' करतो. तो केला नाही, तर आधी बझर दुरुस्त करायचा. महिन्यातून एकदा स्विचची वायर काढून तिचं टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवायचं. चावी चालू असताना बझर वाजलाच पाहिजे. ओरडणाऱ्या बझरला मी पूर्वी वैतागायचो. आता मला न ओरडणाऱ्याची भीती वाटते.

गेल्या पावसाळ्यानंतरची एक गोष्ट सांगून थांबतो. आमच्या तिघांतला सर्वांत लहान मुलगा सुकाणूवर होता. होडीत ताप आलेली दोन मुलं आणि त्यांच्या आया. बझर वाजला. मी बोललो नाही, मुद्दाम. त्याने वेग उतरवला, न्यूट्रलला घेतलं, मागे बघितलं. धार पडत होती. त्याने कव्हर उघडून थेंब टाकले. ते तसेच पसरले, उडाले नाहीत. त्याने स्विचची वायर काढली. बझर वाजतच राहिला. मग मोटर बंद करून तो वायरीवरून बोट फिरवत गेला आणि एका वाकणावर त्याला उघडी तांब्याची तार सापडली, इंजिनाला टेकलेली. त्याने ती सोडवली, पट्टी गुंडाळली, वायर स्विचला परत लावली आणि चावी फिरवून पीप ऐकला. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, या वेळी खोटं होतं. पण बघितल्यावर कळलं."

मला जे ५८ वर्षांचा असताना कळलं नाही, ते त्याला एकोणिसाव्या वर्षी कळलं आहे.

आता मागणं. लोक विचारतात, नवी बोट हवी का? कुणी दिली तर नाही म्हणणार नाही. पण आज खरी गरज लहान आहे. वर्षाला एक इंपेलर बदलायचा, झिजलेला दिसो वा न दिसो. एक थर्मोस्टॅट, एक स्विच, गॅस्केटचा एक संच आणि एक जादा वल्हं कायम होडीत हवं. फोटोत येतील अशा या वस्तू नाहीत. त्यांच्यावर देणाऱ्याचं नाव कोरता येत नाही. गाळाच्या पाण्यात त्या झिजून जातात आणि पुढच्या वर्षी परत मागाव्या लागतात. तरी त्याच मागतो आहे, कारण त्या दिवशी पेटीत एक नवा इंपेलर असता, तर त्याचं निमित्त करून तरी मी जुना उघडून पाहिला असता. नव्हता, म्हणून वायर काढणं सोपं वाटलं.

ती बाळ आता चालते. तिची आजी मला काठावर भेटते, हसते. तिने तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. मागच्या महिन्यात ती होडीत बसली, तेव्हा मी चावी फिरवली आणि पीप वाजला. तिने मान हलवली आणि नातीला मांडीवर घेऊन बसली. मग आम्ही निघालो.